वेटरकडे झेपावते, आईचा हात झिडकारते

पत्र : परदेशातल्या एका शिशुगृहातून चार दिवसांपूर्वी आम्ही आमची दत्तक मुलगी घरी न्यायला ताब्यात घेतली. ती २२ महिन्यांची आहे. कागदपत्रं पूर्ण व्हायला अजून बारा दिवस लागतील, तोवर आम्ही तिघं हॉटेलच्या एका खोलीत आहोत. ती बाबांना चिकटून असते. मी जवळ गेले की भोकाड पसरते, हात झिडकारते. नाश्त्याच्या वेळी वेटरने हात पुढे केले की मात्र हसत झेपावते. ताटलीतलं संपेपर्यंत खाते, संपलं की रडते. काल तर ओकली. रात्री कॉटच्या कठड्याला धरून डोलत बसते, पण रडत नाही. घरचे म्हणतात, एवढ्या लांब गेलाच आहात तर चार ठिकाणं पाहून या. आम्हाला घ्यायला वीस माणसं विमानतळावर यायचं म्हणतायत. परतीचा प्रवास दोन विमानांचा, अठरा तासांचा. खरं सांगायचं तर मला तिच्याबद्दल अजून काहीच वाटत नाही, आणि त्याचीच धास्ती वाटते. काय करू? – एक आई

ताई,

तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टींचं मूळ एकच आहे. शिशुगृहात सांभाळणाऱ्या बायका पाळ्यांमध्ये बदलतात. सकाळी एक भरवते, दुपारी दुसरी झोपवते, रात्री तिसरीच असते, आणि त्यातली एखादी नोकरी सोडून गेली तर मुलाला कुणी काही सांगत नाही. अशा जागी वाढलेल्या मुलाला ‘मोठं माणूस’ हा एकच प्रकार ठाऊक असतो. जो जवळ असेल त्याच्याकडे पाहून हसायचं, समोर येईल तेवढं खाऊन घ्यायचं, रात्री स्वतःच स्वतःला डोलवायचं. तिच्या आजवरच्या जगात हे शहाणपणाचंच वागणं होतं.

त्यामुळे या बारा दिवसांत काम एकच : भूक लागली, ओलं झालं, भीती वाटली, दुखलं, झोप आली, यातलं काहीही झालं की तीच दोन माणसं येतात, हे तिच्या अंगवळणी पडू द्यायचं. लळा लागतो तो यातून. खेळणी, फिरणं, नवे कपडे यांचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. हॉटेलची खोली तुम्हाला तुरुंगासारखी वाटत असेल, पण या कामाला तिच्याइतकी सोयीची जागा घरीही मिळणार नाही. स्वयंपाक नाही, ऑफिस नाही, दाराची बेल नाही. तेव्हा ती चार ठिकाणं रद्द करा. दिवसातून एकदा, अर्धा-पाऊण तास बाहेर पडा. रोज तोच रस्ता, तेच बाक, तीच वेळ. पुढे काय येणार हे आधीच कळणं हीच तिच्यासाठी सध्या मोठी चैन आहे.

आता नियम. भरवणं, पाणी देणं, आंघोळ, कपडे, डायपर, कडेवर घेणं, समजूत काढणं ही कामं तुम्हा दोघांशिवाय कुणीही करायची नाहीत. वेटरने नाही, दुभाष्याने नाही, शेजारच्या टेबलावरच्या प्रेमळ आजींनी तर नाहीच. ती कुणाहीकडे जाते याचं कौतुक होईल. ‘किती माणसाळलेली आहे’ असं लोक म्हणतील. तुम्ही हुरळून जाऊ नका. अनोळखी माणसाकडे झेपावणारं मूल त्या माणसावर विश्वास ठेवून जात नसतं. कुणीही चालतं, म्हणून ते जातं. ती हात पसरते तेव्हा अर्धं वळून तिच्या आणि त्या माणसाच्या मध्ये तुमचा खांदा आणा, तिचा हात धरून ‘टाटा’ करायला लावा आणि पुढे चला. रागवायचं नाही, ओढायचं नाही. समोरच्यासाठी एक वाक्य तिथल्या भाषेत कागदावर लिहून घ्या : ‘आई-बाबा कोण हे ती आत्ता शिकते आहे, कृपया लांबूनच हात हलवा.’ बहुतेक लोक लगेच समजतात. नाश्ता दोन-चार दिवस खोलीतच मागवा, म्हणजे वेटरचा प्रश्न निम्मा मिटेल.

बाहेर जाताना तिला बेबी कॅरिअरमध्ये, तुमच्याकडे तोंड करून, छातीशी बांधा. २२ महिन्यांचं मूल चालतं, पण हे तिच्या पायांसाठी नाही. घाबरली की तोंड खुपसायला जागा हवी, आणि ती जागा तुमच्या अंगावर हवी. कॅरिअर किती किलोपर्यंत चालतो ते त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, ते पाहून घ्या. गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर आणि मांड्यांना पूर्ण आधार, अशी बैठक हवी. जगाकडे तोंड करून बांधू नका. घाबरल्यावर वळायला तिला जागाच उरत नाही.

आता तुमच्याबद्दल.

तिला सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच असणार. ज्या दिवशी त्यातली ओळखीची बाई गेली त्याच दिवशी तुम्ही आलात. २२ महिन्यांच्या डोक्यात त्याचा हिशेब सरळ आहे : ही आली आणि ती गेली. बाबा मात्र तिच्यासाठी नवाच प्रकार, त्यांच्या वाट्याला कुठलंही जुनं दुःख नाही. (याच्या उलटंही घडतं. कधी पुरुष पाहिलेलाच नसला की दाढी आणि जाड आवाजाला घाबरून मूल बाबांना आठवडाभर जवळ येऊ देत नाही.) शिवाय एवढ्या उलथापालथीत एका वेळी एकच माणूस पेलणं तिला शक्य आहे. तिने एकाला निवडलं, त्याला चिकटली, तो उठला की रडली, ही चांगली खूण आहे. ज्या मुलाला कुणीही उठून गेलं तरी फरक पडत नाही, त्याची काळजी जास्त.

म्हणून पहिली गोष्ट, बाबांनी अंग काढून घ्यायचं नाही. ‘तिला तुझी सवय लागावी’ म्हणून ते तासभर बाहेर गेले तर चार दिवसांत तिचं दुसऱ्यांदा माणूस हरवेल, आणि त्या वेळी समोर पुन्हा तुम्हीच असाल. त्यांच्या अंगावरून तुमच्यापर्यंत यायचं, ते असं.

आधी अंतर. बाबा जमिनीवर बसतील, ती त्यांच्या मांडीत, पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली. तुम्ही दीड मीटरवर, थोड्या तिरक्या, जमिनीवरच. उभ्या माणसाची तिला भीती वाटते. तिच्याकडे रोखून पाहू नका. साबणाचे फुगे उडवा, कप एकात एक घाला आणि काढा, स्वतःशीच गुणगुणा. तिचं लक्ष गेलं तरी धावून जाऊ नका. पुन्हा तेच करा. दहा मिनिटं पुरे, दिवसातून पाच-सहा वेळा.

मग खाणं. बाबांच्या मांडीवर तिला ठेवून घास तुम्ही द्या. पहिल्यांदा तळहातावर ठेवून, तिचा तिने उचलावा म्हणून. मग बोटांत धरून, मग चमच्याने. ती तोंड फिरवेल तर घास बाबांच्या हातात द्या आणि पुढचा पुन्हा तुम्ही. रडून गोंधळ घातला तर एक पायरी मागे या, तिथेच दिवसभर राहा. बहुतेक जण इथेच घाई करतात. एका जेवणात जमलं म्हणून पुढच्या जेवणाला थेट मांडीवर घेतात, आणि मग दोन दिवसांची मेहनत वाया जाते.

त्यानंतर मांडी बदला : ती तुमच्या मांडीवर, बाबा अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून. तिला बाबांच्या हातातून ओढून घेऊ नका. बाबांनीच ती तुमच्या मांडीवर ठेवावी, आणि पहिले काही क्षण त्यांचा हात तिच्या पाठीवरच राहावा.

कामांची वाटणीही उलटी करा. नाक पुसणं, औषध पाजणं, नखं कापणं, डोकं धुणं, ही तिला न आवडणारी कामं बाबांकडे. दूध, खाऊ, फुगे, लोशन, ही तुमच्याकडे. त्यांच्या खात्यात आत्ता शिल्लक भरपूर आहे, थोडी खर्च झाली तरी चालेल.

बाबांना बाथरूमला जायचं असेल तर तिची नजर चुकवून जाऊ नये. जाताना आणि परत आल्यावर तोच एक शब्द, त्याच चालीत. पहिल्या दिवशी दार उघडं ठेवून, मग मिनिटभर बंद, मग दोन मिनिटं. त्या वेळात ती रडली तर तुम्ही तिच्याजवळ खाली बसा, आवाज खालचा ठेवा, हात तिच्या जवळ पण तिच्यावर नको. तिला एकटं टाकायचं नाही आणि जबरदस्तीने कवटाळायचंही नाही. चावली, ओरबाडलं तर हात धरून एकदाच ‘नाही’ म्हणा, चेहरा शांत ठेवा आणि तिथेच थांबा. शिक्षा म्हणून कोपऱ्यात किंवा बाथरूममध्ये उभं करणं या मुलांना उपयोगाचं नाही. दूर राहणं त्यांना आधीच उत्तम येतं.

तिने डोळ्यांत पाहावं म्हणून हनुवटी धरून तोंड वळवू नका. तिला घेऊन आरशासमोर बसा. आरशातल्या डोळ्यांची भीती कमी वाटते. तुमच्या नाकावर एक टिकली चिकटवा आणि तिला काढू द्या. तिने टेबलावर दोनदा थापटलं की तुम्हीही दोनदा थापटा. या नकलेच्या खेळात पुढारी ती असते आणि तुम्ही तिच्या मागे, म्हणून तो लवकर जमतो. आंघोळीनंतर लोशन लावताना तळपाय आणि तळहातापासून सुरुवात करा, पोट-चेहरा शेवटी.

तुम्हाला काही वाटत नाही, याबद्दल. चार दिवस झोप नाही, परका देश, आणि जिच्यासाठी एवढं केलं ती तुमचा हात झिडकारते. अशात माया उचंबळून आली असती तर नवल. माया आधी आणि सेवा मग, हा क्रम इथे बहुतेकदा उलटा असतो. तिला फरक पडतो तो बाटली वेळेवर येते का, हाक मारली की कुणी येतं का, याने. तुमच्या मनात त्या क्षणी काय चाललंय ते तिला दिसत नाही. रात्रीच्या पाळ्या लावा. एकाने मध्यरात्रीपर्यंत, दुसऱ्याने पुढे, म्हणजे प्रत्येकाला सलग पाच तास झोप मिळेल. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येणं, झोप मिळत असूनही न लागणं, तिच्याजवळ जायचीच भीती वाटणं असं राहिलं तर डॉक्टरांना सांगा. दत्तक घेतल्यानंतरही नैराश्य येतं, जन्म दिल्यानंतर येतं तसंच, आणि त्यावर उपचार आहेत.

खाण्याकडे येऊ. पोट भरल्याची खूण तिला अजून ओळखता येत नाही. तिथे ठरलेल्या वेळी, ठरलेलं, आणि भराभर खायचं, नाहीतर ताटली उचलली जाते. ताटली तिच्या पुढून ओढून ‘बास’ म्हटलं की तिची भीती खरी ठरते. त्याऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या, म्हणजे एका वेळच्या खाण्यावर सगळं अवलंबून राहत नाही. सगळं एकदम न वाढता वाडगा तिला दिसेल असा ठेवा आणि तीन-चार तुकडेच ताटलीत टाका. ते गिळून झाले की पुढचे. संपल्यावर रडू येऊ नये म्हणून शेवटी एखादं बिस्किट किंवा पावाचा तुकडा तिच्या हातात द्या, तो तिचा. मुठीत धरून ती झोपली तरी चालेल, पण झोपण्याआधी गालात घास कोंबून ठेवलेला नाही ना, हे बोट फिरवून पाहा. ही मुलं गालात अन्न साठवतात आणि झोपेत ठसका लागू शकतो. सुका मेवा, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं अजून दोन वर्षं तरी नकोतच. उशीखाली, खिशात खाऊ सापडला तर रागावू नका. दिवसभर तिला दिसेल अशी खाऊची एक डबी ठेवली की हे हळूहळू कमी होतं. त्याला महिनेही लागू शकतात.

खाणं एकदम बदलू नका. पहिले दोन-तीन आठवडे ती तिथे जे खात होती तेच, तसंच. शिशुगृहाला आजच फोन करून विचारा : दूध कुठलं, किती चमचे पावडर किती पाण्यात, साखर घालत होते का, किती गरम, आणि निपलचं भोक केवढं. शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल. अनेक शिशुगृहांत वेळ वाचवण्यासाठी भोक मोठं केलेलं असतं. नव्या निपलमधून दूध थेंबथेंब येतं, मूल चिडून बाटली फेकतं आणि आई समजते की मी दिलेलं तिला नको. जास्त धारेचं निपल आणा, भांडण मिटेल.

ती कपाने पीत असली तरी दिवसातून दोनदा मांडीवर बाटली द्या, आणि ती बाटली तुम्ही धरा. एकटं पाळण्यात पडून प्यायची सवय असेल तर मांडीवर ती अंग ताठ करेल, मान फिरवेल. मग आधी शेजारी बसवून, तुमच्या हाताला टेकून पाजा. दोन-तीन दिवसांनी थोडं आडवं. बाटली तोंडात ठेवून मात्र झोपू देऊ नका, दात किडतात.

रात्र. रडत नाही, म्हणून ती शांत आहे असं समजू नका. रडून कुणी येत नाही हे जे मूल शिकलेलं असतं ते जागंच पडून राहतं किंवा डोलतं. तेव्हा तिने बोलावण्याची वाट पाहू नका. डोलताना दिसली की जा, पाठीवर हात ठेवा, तिच्याच लयीत थोपटा, आणि थोपटणं हळूहळू संथ करा. हात धरून डोलणं थांबवू नका. झोपेसाठी तिच्याकडे तेवढं एकच साधन आहे. दिवसाही हेच. पडली आणि रडली नाही तरी उचलून घ्या, ‘लागलं का’ म्हणा, फुंकर घाला. काही आठवड्यांनी ती पडल्यावर तुमच्याकडे बघून रडू लागेल आणि घरचे म्हणतील, लाडावली. ते रडणंच आपल्याला हवंय.

ती आजवर दहा-पंधरा कॉटच्या रांगेत, दिव्याच्या उजेडात आणि इतरांच्या खोकल्या-कुरबुरीत झोपली. काळोखी शांत खोली तिला भयाण वाटणारच. बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवा, पंखा किंवा एसीचा आवाज चालू द्या. कॉट तुमच्या पलंगाला भिडवून ठेवा, म्हणजे कठड्यातून हात घालता येईल. ज्या कपड्यांत ती आली ते धुऊ नका, उशाशी ठेवा. ओळखीचा वास हा तिचा एवढाच ठेवा आहे. कधी रात्री उघड्या डोळ्यांनी किंचाळेल आणि तुम्हाला ओळखणार नाही. तेव्हा ती झोपेतच असते. हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं पाहा. पाच-दहा मिनिटांत ती पुन्हा झोपते.

जुनं नाव लगेच काढून घेऊ नका. नवं ठेवायचं असेल तर दोन्ही जोडून हाक मारा. आणि तिच्या भाषेतले पंधरा-वीस शब्द, ‘दूध, पाणी, शू, दुखतंय, झोप, संपलं, ये, इथेच आहे’, दुभाष्याकडून उच्चारासकट देवनागरीत लिहून भिंतीवर चिकटवा.

आंघोळीला घाबरत असेल तर कोरड्या टबमध्ये कपड्यांसकट खेळू द्या, मग तळाला दोन बोटं पाणी. तुम्ही आत बसा. शॉवर नको.

या काळात आजारपण बहुतेक येतंच. फाइलमधलं वजन जुनं असू शकतं. तिला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. पॅरासिटामॉलचा डोस या वजनावरून, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त नाही. सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, म्हणून ‘किती मिली’ हे घरच्या बाटलीवरून ठरवू नका, हातातल्या बाटलीवर वाचा. जुलाब झाले तर ओआरएस, प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. पुडी २०० मिलीची आहे की लिटरची, तेही पाहा. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल, तर थेट रुग्णालय. रात्री खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि तळपायांवर पुरळ दिसलं तर खरूज असण्याची शक्यता मोठी. मलम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिघांनी एकाच रात्री लावा. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर तुम्हाला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर खरूज पुन्हा तुमच्याकडून तिच्याकडे जाते.

आता विमान. तिकीट तिच्या पासपोर्टवरच्या नावाने आहे ना, हे आज तपासा; नवं आडनाव तिकिटावर आणि जुनं पासपोर्टवर, अशी गल्लत होते. दोन्ही देश १९९३च्या हेग दत्तक कराराचे सदस्य असतील तर दत्तक त्या करारानुसारच झालं असं सांगणारं, कलम २३ खालचं प्रमाणपत्र मिळतं. ते, दत्तक आदेश आणि जन्मदाखला, मूळ प्रती हातातल्या बॅगेत, झेरॉक्स दुसऱ्याच्या बॅगेत. दोन विमानांमध्ये तीन तास तरी असू द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर नेता येतं, पण परवडत असेल तर तिला वेगळी सीट घ्या. अठरा तास मांडीवर हे तिघांनाही झेपत नाही.

पट्ट्याने बांधून बसणं तिने कदाचित कधीच पाहिलेलं नाही. खोलीत खुर्चीवर बसवून ओढणीचा पट्टा बांधायचा, टाळी वाजवायची, सोडायचा, हा खेळ आत्तापासून रोज दोनदा करा. सुरक्षा तपासणीत कॅरिअरमधून काढायला सांगतात. तेव्हा तिला बाबा धरतील की तुम्ही, हे रांगेत उभं राहण्याआधी ठरवा आणि तिसऱ्याच्या हातात देऊ नका. कानात दडे बसतात ते जास्त करून विमान खाली येताना, आणि ते उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होतं. बाटली तेव्हासाठी राखून ठेवा; चढतानाच सगळं दूध संपवून बसू नका. झोपेसाठी ॲलर्जीचं सिरप देण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. देऊ नका. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट बेफाम होतात, आणि ते कळतं तेव्हा तुम्ही हवेत असता. डायपर तासाला एक या हिशेबाने आणि वर चार, तिचे दोन जोड, तुमचा प्रत्येकी एक शर्ट. ओकारी तिच्या कपड्यांवर थांबत नाही. हवाई सुंदरी प्रेमाने म्हणेल, ‘मी घेऊ का थोडा वेळ?’ गोड हसून नाही म्हणा. बाबांना झोपू द्या आणि बाटली तुम्ही धरा. इतक्या परक्या जागी तुम्ही ओळखीच्या दोघांपैकी एक असता, आणि म्हणूनच कित्येक मुलं ‘नको’ असलेल्या पालकाच्या मांडीवर पहिल्यांदा झोपतात ती विमानातच.

२२ महिने म्हणजे उशीर झाला का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. रुमानियात २०००मध्ये सुरू झालेल्या बुखारेस्टच्या अभ्यासात अनाथालयातल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडीने, कुटुंबांत ठेवलं होतं. कुटुंबात गेलेल्या मुलांची जवळीक अनाथालयात राहिलेल्यांपेक्षा बरीच चांगली जुळली, आणि वयाची दोन वर्षं पूर्ण होण्याआधी गेलेल्यांची जास्त चांगली. तुम्ही वेळेत आहात. आत्ताच्या वागण्यावरून कुणी फोनवर एखाद्या विकाराचं नाव घेतलं तर ऐकून सोडून द्या. चार दिवसांवर असं निदान होत नाही.

घरी पोचल्यावर झोपेचं घड्याळ जुळायला वेळेतल्या फरकाच्या दर तासाला साधारण एक दिवस धरा. दोन आठवड्यांच्या आत बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्त, क्षयरोग, कावीळ बी, एचआयव्ही, शीतून जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी), श्रवण, दृष्टी, अशा तपासण्या होतील, आणि लसींच्या जुन्या नोंदी पाहून काही लसी पुन्हा द्याव्या लागतील. घरातल्या मोठ्यांच्या गोवर आणि कावीळ ए च्या लसी झाल्यात का, हे मात्र तुम्ही पोचण्याआधीच त्यांनी बघून घ्यावं.

आणि ती वीस माणसं. विमानतळावर कुणी नको. गाडी घेऊन एकच जण, तोही पुढे बसणारा. बाकीच्यांनी मदत करायचीच असेल तर चार दिवसांचं जेवण फ्रिजमध्ये ठेवून, किल्ली शेजारी देऊन, तुम्ही पोचण्याआधी घर सोडावं. पहिले दोन-तीन आठवडे भेटीगाठी, बारसं, पार्टी काही नको. व्हिडिओ कॉल दोन-तीन मिनिटांचा, आणि त्यात ‘हे करून दाखव’ नको. आजी-आजोबांना वाईट वाटेल, कारण मांडीवर घ्यायला तेच सर्वांत आतुर असतात. त्यांना एवढंच सांगा की आत्ता कुणाच्याही मांडीवर बसणारी नात पुढे त्यांना ‘आपले आजोबा’ म्हणून ओळखायला जास्त वेळ लावेल. मग ती तुमच्यापैकी एकाकडे पाहून रडायला आणि दुखलं तर धावत यायला लागली, की त्यांना बोलवा. पहिली भेट वीस मिनिटांची. त्यांनी जमिनीवर बसावं, तिला हाक मारू नये, आणि आणलेला खाऊ तिच्या हातात न देता तुमच्या हातात द्यावा. तिला तो तुम्ही भरवा.